रनिंग किती आहे?

टाटा मोटर्सच्या कर्व्ह या इलेक्ट्रिक गाडीत 55 किलोवॅट-तासांची, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत 55 युनिटांची बॅटरी मिळते. एकदा पूर्ण चार्ज केल्यावर ती किती धावते, या प्रश्नाला खुद्द कंपनीने तीन उत्तरं दिली आहेत: 585 किलोमीटर, 502 किलोमीटर आणि 400 ते 425 किलोमीटर. यातलं एकही उत्तर खोटं नाही. पहिलं फक्त शहरी चाचणीचं आहे, दुसरं शहरी आणि शहराबाहेरची अशा दोन्ही चाचण्या मिळून आलेलं, तर तिसरं प्रत्यक्ष वापराचं, म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर ग्राहकांना जेवढा पल्ला मिळेल तेवढं. इलेक्ट्रिक गाडीबद्दल आज जे दावे केले जातात आणि जे आक्षेप घेतले जातात, त्या सगळ्यांची जात अशीच आहे. आकडा खरा असतो, पण तो कोणत्या अटींवर खरा आहे हे सांगितलेलं नसतं. लेखाच्या पुढच्या भागात मी त्या अटी मांडल्या आहेत.

पल्ल्याचा प्रमाणित आकडा ज्या चाचणीतून निघतो, तिचा पुण्याशी जवळचा संबंध आहे. वेताळ टेकडीवरची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, ही संस्था 1966 पासून वाहनांच्या चाचण्या करते. चाचणीत गाडी रस्त्यावर धावत नाही. ती फिरत्या रोलरांवर उभी असते आणि ठरलेल्या तक्त्यानुसार तिचा वेग वाढवला आणि कमी केला जातो. तक्त्याच्या शहरी भागात कमाल वेग ताशी 50 किलोमीटर आणि सरासरी 19 च्या आसपास. दुसऱ्या भागात वेग 90 पर्यंत जातो. एसी बंद. लक्ष्मी रोडवर हे चित्र बरंचसं खरं उतरेल, पण द्रुतगती मार्गावर नाही.

याचं कारण हवा. गाडी जितकी वेगात, तितका हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढत जातो. ताशी 80 ऐवजी 100 च्या वेगाने गेलं, तर प्रत्येक किलोमीटरमागे केवळ हवा कापायला लागणारी ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. पेट्रोलच्या गाडीलाही हाच नियम लागू आहे. पण तिथे मुळातच इतकी ऊर्जा उष्णतेत वाया जात असते की हा फरक तितकासा जाणवत नाही, आणि पंप दर काही मैलांवर असतो. विजेच्या गाडीत वाया जाणारं कमी, म्हणून वेगाचा परिणाम लख्ख दिसतो. घाटाची भीती मात्र अवाजवी आहे. खोपोलीहून खंडाळ्याला चढताना सुमारे 500 मीटर उंची गाठावी लागते. माणसांसह 1,700 किलो वजनाची गाडी तेवढी उंच न्यायला सव्वादोन ते अडीच युनिटं लागतात. त्यातली निम्म्याहून अधिक उतरताना परत मिळू शकतात, कारण मोटर उलट्या कामाला लागून बॅटरी भरते. मुंबई-पुणे प्रवासात पल्ला खातो तो सपाटीवरचा वेग.

चालवण्याच्या अनुभवाबद्दल जे सांगितलं जातं, ते मी बिनशर्त मान्य करतो. मोटरला पूर्ण जोर शून्य वेगापासूनच मिळतो. 2020 च्या जानेवारीत आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी 30.2 युनिटांची होती. तिची मोटर 245 न्यूटन-मीटरचा जोर द्यायची, तोही गिअर न बदलता आणि इंजिनाच्या आवाजाविना. मधल्या आकाराच्या, सामान्य किमतीच्या गाडीत हे भारतीय ग्राहकाला तोपर्यंत मिळालेलं नव्हतं. शिवाय भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी तीन चतुर्थांशाच्या पुढे ऊर्जा चाकांपर्यंत पोचते. पेट्रोल इंजिनात तेवढी ऊर्जा उलट उष्णता होऊन निघून जाते. अभियांत्रिकीच्या दृष्टीने विचार केला तर इलेक्ट्रिक गाडी हे अधिक चांगलं यंत्र आहे, आणि हे स्पष्टपणे म्हणायला हवं.

चांगलं यंत्र परवडतंच असं नाही. 2025 मध्ये पुण्या-मुंबईत पेट्रोल लिटरला 104 रुपयांच्या आसपास होतं. शहरात 15 चं अॅव्हरेज देणाऱ्या गाडीला किलोमीटरमागे सात रुपये पडतात. त्याच आकाराची इलेक्ट्रिक गाडी, चार्जिंगमधली गळती धरून, किलोमीटरला साधारण 0.17 युनिट घेते. घरचं युनिट 11 रुपयांनी धरलं तर खर्च दोन रुपयांच्या आत राहतो. किलोमीटरमागे पाच रुपये वाचले, पण सारख्या सोयींच्या गाड्यांच्या किमतीत आजही तीन-चार लाखांचं अंतर आहे. साडेतीन लाख धरले, तर ते भरून यायला 70,000 किलोमीटर लागतात. देखभाल स्वस्त आहे. ऑइल, फिल्टर, क्लच यांचा खर्च नाही, त्यामुळे हा आकडा थोडा खाली येईल. दुसरीकडे 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. इलेक्ट्रिक गाड्यांचा 5 टक्के होता, तो तसाच राहिला. सवलतीच्या जोरावर जे अंतर कमी झालं होतं, ते त्या दिवशी पुन्हा वाढलं.

या हिशेबात एक अट दडलेली आहे: घरचं युनिट. रस्त्याकडेच्या फास्ट चार्जरवर कर धरून युनिटला 20-22 रुपये द्यावे लागतात. मग किलोमीटरचा खर्च साडेतीन रुपयांच्या वर जातो. सीएनजी किलोला 80 रुपयांच्या आसपास धरला आणि किलोत 22 किलोमीटर मिळाले, तर त्या गाडीचाही खर्च नेमका तेवढाच. म्हणजे ज्याला स्वतःचं पार्किंग नाही, तिथे चार्जर बसवायची सोय नाही, त्याच्यासाठी इंधनखर्चाचा दावा सीएनजीपुढे उरत नाही. केंद्र सरकारच्या जानेवारी 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार घरच्या चालू वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते. पण पुण्या-मुंबईतल्या अनेक इमारतींत हा प्रश्न सोसायटीच्या एनओसीपाशी अडतो. कोणाच्या मीटरवरून वायर आणायची, तळघरात आग लागली तर काय, जुनी केबल भार पेलेल का? यातल्या काही शंका रास्त आहेत आणि त्या इलेक्ट्रिशियनने सोडवायच्या आहेत. ज्यांना पार्किंगच नाही, जे गाडी गल्लीत लावतात, त्यांचा तर विचारही कुठे होताना दिसत नाही.

पर्यावरणाचा दावा तपासायला सर्वांत अवघड, आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गाडीला धुरांडं नाही हे दिसतं. वीज कुठून येते हे दिसत नाही. जून 2025 मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा 50 टक्क्यांवर गेला आणि त्याचा योग्य तो आनंद झाला. पण क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश अजून कोळशाची आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबाने सरासरी युनिटमागे 0.7 किलोहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तारांतली गळती धरली, तर आपली इलेक्ट्रिक गाडी किलोमीटरला सुमारे 140 ग्रॅमला जबाबदार ठरते. लिटरभर पेट्रोल जळताना 2.3 किलो वायू निघतो. तेल उपसण्याचा, शुद्ध करण्याचा भार मिळवला, तर 15 च्या अॅव्हरेजची गाडी 185 ग्रॅमपर्यंत जाते. फरक 45 ग्रॅमचा.

त्यातच बॅटरी घडवतानाचं उत्सर्जन आहे. युनिटमागे 75 किलो धरलं, तर 45 युनिटांच्या बॅटरीवर कारखान्यातून निघतानाच साडेतीन टनांच्या आसपास कर्ज असतं. 45 ग्रॅमच्या बचतीतून ते फेडायला पाऊण लाख किलोमीटर हवेत. पैशाचा हिशेबही 70,000 वर आला होता. खिसा आणि आकाश यांची परतफेड जवळपास एकाच ठिकाणी होते, हे मला या विषयातलं सर्वांत उपयोगी निरीक्षण वाटतं. वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाला तिथे पोचायला सात-साडेसात वर्षं लागतील. रोज दीडशे किलोमीटर धावणारी टॅक्सी दीड वर्षात पोचेल.

हाच हिशेब इतर पर्यायांना लावला तर उत्तर आणखी बिकट होतं. सीएनजी गाडी आजच्या विजेवरच्या ईव्हीच्या फार मागे नाही. शहरात 21 चं अॅव्हरेज देणारी स्ट्राँग हायब्रिड तर आज किंचित पुढेच आहे. मग ईव्हीचा आग्रह का धरायचा? कारण हायब्रिड आज जेवढा धूर सोडते तेवढाच ती 2038 मध्ये सोडेल. इलेक्ट्रिक गाडीचा धूर मात्र वीज जशी स्वच्छ होईल तसा वर्षागणिक कमी होईल. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेने 2021 मध्ये गाडीच्या पूर्ण आयुष्याचा, म्हणजे पुढे वीज सुधारत जाईल हे धरून, अभ्यास केला. पेट्रोल गाडीच्या तुलनेत भारतात 19 ते 34 टक्के, चीनमध्ये 37 ते 45, तर युरोपात 66 ते 69 टक्के बचत होते असं त्यात आढळलं. नॉर्वेत 2024 मध्ये विकल्या गेलेल्या शंभर नव्या गाड्यांपैकी 89 इलेक्ट्रिक होत्या, आणि तिथली वीज जवळपास सगळी पाण्याची. नॉर्वेचा दाखला देऊन महाराष्ट्रातली गाडी विकू नये.

आपल्याकडे पाण्याची वीज आहे, पण कोयनेचे 1,960 मेगावॅट मुख्यतः संध्याकाळच्या वाढत्या मागणीला पुरवावे लागतात. रात्री अकरा वाजता सोसायटीत चार्जिंगला लावलेल्या गाडीत बव्हंशी कोळशाची वीज जाते, आणि त्यातली काही 2,920 मेगावॅटच्या चंद्रपूर केंद्रातून येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची जी यादी केली, तिच्यात चंद्रपूर होतं. राखेची आणि गंधकाच्या धुराची किंमत तिथली माणसं मोजतात. कोळशाच्या केंद्रांतून गंधक वेगळं काढणारी यंत्रणा बसवायची, हे निकष 2015 मध्ये ठरले होते. मुदती वाढत गेल्या आणि जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. कर्वे रोडवरची हवा सुधारली, तर मला आनंदच आहे. पण तिथला धूर कमी होताना विदर्भातला वाढणार नाही, याची हमी गाडी देत नाही. ती वीजकेंद्रांच्या नियमांतूनच मिळू शकते, आणि तिथे आपण मागे गेलो आहोत.

उपाय निदान अर्धा आपल्या हातात आहे: दिवसा चार्जिंग. राज्यात सौरवीज वेगाने वाढते आहे आणि दुपारच्या वापरावर सवलतही मिळू लागली आहे. छतावरच्या सौरविजेवर चालणारी गाडी बॅटरीचं कर्ज पाऊण लाखाऐवजी वीस हजार किलोमीटरच्या आसपास फेडते. पण दुपारी गाडी घरी नसते, ती हिंजवडीच्या किंवा अंधेरीच्या कार्यालयाच्या पार्किंगमध्ये असते. म्हणून तिथले साधे, संथ चार्जर मला महामार्गावरच्या झगमगीत फास्ट चार्जरइतकेच, किंबहुना अधिक गरजेचे वाटतात. चर्चा मात्र महामार्गाचीच होते.

खनिजांबद्दल थोडक्यात. कोबाल्टच्या खाणींतल्या काँगोच्या मुलांचा उल्लेख प्रत्येक चर्चेत येतो. तो प्रश्न खरा आहे, पण टाटांच्या आणि महिंद्रांच्या आजच्या बहुतेक गाड्यांतल्या लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटऱ्यांत कोबाल्ट आणि निकेल नसतं. आपली खरी अडचण चीनवरचं अवलंबन ही आहे. एप्रिल 2025 मध्ये चीनने मोटरींना लागणाऱ्या दुर्मीळ मृदा धातूंच्या चुंबकांवर निर्यातबंधनं घातली आणि त्याची झळ पुण्यातल्या वाहन कारखान्यांपर्यंत पोचली. जुन्या बॅटऱ्यांसाठी 2022 चे नियम आहेत. त्यांनुसार त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पहिल्या नेक्सॉन ईव्हींच्या बॅटरीची आठ वर्षांची हमी 2028 मध्ये संपू लागेल, आणि जुन्या गाडीला बाजारात काय भाव मिळतो हेही तेव्हाच नीट कळेल.

हे सगळं एकत्र पाहिलं की गाडी घेणाऱ्याने आधी दोनच गोष्टी तपासाव्यात असं वाटतं: रोजचं रनिंग किती आहे आणि चार्जिंग कुठे होणार आहे. रोज साठ किलोमीटर जाणं-येणं आणि स्वतःचं पार्किंग असेल, तर बेलाशक घ्यावी. आठवड्यात दोनदा मंडईत आणि वर्षातून एकदा कोकणात जाणाऱ्या कुटुंबाने चांगली चालणारी जुनी पेट्रोल गाडी मोडीत काढून इलेक्ट्रिक घेतली, तर पैसा आणि पर्यावरण दोन्ही अंगांनी फारसं काही साधत नाही.

सरकारनेही हेच तपासावं. मोठं रनिंग बसचं, रिक्षाचं आणि टेम्पोचं असतं. 1 जून 1948 रोजी पहिली एसटी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, आणि 1 जून 2022 रोजी त्याच मार्गावर पहिली विजेवरची ‘शिवाई’ सुटली. विजेवरच्या रिक्षाची बॅटरी लहान आणि रनिंग मोठं, त्यामुळे सीएनजीच्या तुलनेतही ती आपलं कार्बनचं कर्ज साधारण वर्षभरात फेडते. विजेवरची बस डिझेलचा धूर थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या नाकापासून दूर नेते. पण ऑगस्ट 2025 पासून अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर जी टोलमाफी सुरू झाली, ती बसबरोबर खासगी मोटारींनाही मिळाली आणि मालवाहू गाड्यांना वगळण्यात आलं. द्रुतगती मार्गावर मोटारीचा एकेरी टोल 320 रुपये आहे. ज्याची गाडी तीस लाखांची आहे, त्याला ते माफ. ज्याचा विजेवरचा टेम्पो रोज माल घेऊन धावतो आणि ज्याच्या प्रत्येक किलोमीटरला या तंत्रज्ञानाचा खरा लाभ आहे, त्याला मात्र टोल भरावा लागतो. माफीच्या यादीत विजेवरचे टेम्पो आधी यावेत. महागड्या मोटारींची माफी थांबवून ते पैसे एसटीच्या आगारांत आणि रिक्षा थांब्यांवर चार्जर बसवायला वापरावेत.