उडी मारणाऱ्या पिल्लाला मोबदला कोण देतं?

पिल्लू घरात आल्यावर : भाग ५

सिडकोतल्या एखाद्या फ्लॅटची बेल वाजते आणि चार महिन्यांचं लॅब्रेडॉर धावत जाऊन पाहुण्याच्या अंगावर उडी मारतं. घरातले सगळे एकदम 'खाली उतर, खाली' म्हणून ओरडतात, कुणी त्याला दोन्ही हातांनी मागे लोटतं, पाहुणा 'असू द्या हो' म्हणत त्याच्या डोक्यावरून हात फिरवतो. आपल्या दृष्टीनं आपण त्याला रागावलो. त्याला मात्र एका उडीत सगळ्यांचं लक्ष मिळालं, स्पर्श मिळाला आणि लोटालोटीचा खेळही मिळाला. ज्या वागण्यातून काही पदरात पडतं ते वागणं पुन्हा घडतं, हे एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवरच्या प्रयोगांतून मांडलं. पिल्लाचा उतावळेपणा वयाचा असतो. त्या उतावळेपणाची सवय होते ती आपण नकळत देत राहिलेल्या मोबदल्यामुळे. म्हणून सुधारणेची सुरुवात हा मोबदला थांबवण्यापासून करायची. उडी मारली की बोलायचं नाही, बघायचं नाही, पाठ फिरवायची. चारही पाय जमिनीवर टेकले की त्याच क्षणी कौतुक करायचं आणि खाऊचा तुकडा द्यायचा.

यात बहुतेक घरं फसतात ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी. नेहमीचा मोबदला बंद झाला की वागणं लगेच कमी होत नाही, उलट आधी वाढतं. पिल्लू आणखी उंच उडतं, भुंकतं, पँटचा पाय ओढतं. 'काही उपयोग नाही' म्हणून कुणीतरी त्याला उचलून घेतं, आणि जास्त गोंधळ केला की हमखास मिळतं, हा धडा पिल्लू शिकतं. सगळ्यांनी पाठ फिरवली आणि आजोबांनी तेवढी गुपचूप पोळी दिली, तरी तेच होतं. अधूनमधून लागणारी लॉटरीच माणसाला तिकीट सोडू देत नाही. शब्दांचंही तसंच. आपल्या शहरात एकाच घरात आजी 'बस' म्हणते, मुलगा 'सिट' आणि शेजारचं पोर 'बैठ'. यातला कुठलाही शब्द चालेल, पण सगळ्यांचा एकच हवा.

यावर पहिला आक्षेप येतो तो धाकाचा : कुत्र्याला मालक कोण ते कळलंच पाहिजे. या समजुतीचं एक मूळ रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या निरीक्षणांत आहे, आणि ती निरीक्षणं प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांची होती. रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, असं डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये स्पष्ट केलं. धाकानं कळपावर हुकमत गाजवणारा म्होरक्या, या अर्थाचा 'अल्फा' हा शब्द लोकप्रिय करण्यात त्यांच्याच आधीच्या पुस्तकाचा मोठा वाटा होता. २००४ मध्ये ब्रिटनमधल्या ३६४ कुत्रेमालकांच्या पाहणीत शिक्षेचा वापर आणि वागण्याच्या तक्रारी सोबत आढळल्या. मुळात त्रासदायक कुत्र्यांनाच जास्त मार बसत असेल, ही शंका इथे रास्त आहे. पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पोर्तुगालमधल्या अभ्यासात ९२ कुत्र्यांची एरवी घरी असतानाची आणि शिकवणीनंतरची लाळ तपासली, तेव्हा धाकावर भर देणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाचं संप्रेरक शिकवणीनंतर वाढलेलं दिसलं. मला हा पुरावा पुरेसा वाटतो. मारानं पिल्लू गप्प बसेलही, पण पाहुणा आला की आपल्याला दुखतं, एवढंच ते शिकेल. पुढे त्याच पाहुण्यावर ते गुरगुरलं तर दोष कुणाचा?

दुसरा आक्षेप खाऊचा. ही लाच नव्हे का? खाऊ आधी दाखवून बसवलं तर लाच; बसल्यावर दिला तर कमाई. रोजच्या जेवणातलेच दाणे बाजूला काढून ठेवावेत आणि सवय पक्की झाली की ते हळूहळू कमी करावेत. शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, ही म्हण शेपटापुरती खरी आहे.

चावण्याचं कारण मात्र वेगळं असतं. पिल्लाचे २८ दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात, हिरड्या शिवशिवतात. गार केलेलं गाजर किंवा गाठ मारलेलं ओलं फडकं त्याच्या तोंडी द्यावं. दिवसातले अठरा तास झोप न मिळालेलं पिल्लू पेंगुळलेल्या लहान मुलासारखं चिडचिडं होऊन जास्त चावतं. आपल्याकडे त्यात उन्हाळ्याची भर पडते. पारा चाळिशीपार गेला की डांबरी रस्ता संध्याकाळीही तापलेला असतो, फेरी चुकते आणि साठलेली ऊर्जा सोफ्यावर निघते. फेरी सूर्योदयाआधी उरकावी आणि दुपारी कूलरसमोर जुन्या टॉवेलच्या घड्यांत दाणे लपवून त्याला शोधायला लावावं. वास घेण्याच्या कामानं पिल्लू चांगलं दमतं.

या आठवड्याचा सराव दाराचा. पाहुणा नसताना घरातल्याच कुणीतरी बेल वाजवावी, रोज आठ-दहा वेळा. बेल वाजली की दाणे दाराजवळ नव्हे, पिल्लाच्या चटईवर टाकावेत. बेल ऐकून ते आपणहून चटईकडे वळू लागलं, की मगच दार उघडावं.