उजवा हात, कोणताही एक पाय

सकाळी 7:45
मराठवाड्यातलं एक स्त्री रुग्णालय. डिसेंबरची थंडी. सिस्टर शेअर रिक्षातून उतरतात, वीस रुपये देतात. नोकरी कंत्राटी, महिना वीस हजार. रात्रपाळीची सिस्टर रजिस्टर पुढे सरकवते. वॉर्डात 26 बाळंतिणी. चोवीस तास भरलेली बाळं 9. आज ती नऊ.

8:20
कपाटातून ऑक्सिमीटर निघतं. मूठभर यंत्र, लांब वायर, टोकाला पट्टीचा प्रोब. पट्टी कधीच चिकटेनाशी झालीय, वरून मायक्रोपोर लावावा लागतो. दर बाळाआधी स्पिरिटचा बोळा फिरतो.

8:40
पहिलं बाळ. प्रोब तळहाताला गुंडाळतात. एका बाजूला लाल दिवा, बरोबर समोर तो टिपणारा डोळा. हात उजवाच. पोटात असताना फुप्फुसाला वगळून रक्त पुढे नेणारी एक नळी असते. उजव्या हाताचं रक्त तिच्या अलीकडेच वळतं, पायाचं पलीकडून जातं. जन्मानंतर एक-दोन दिवसांत नळी मिटते. हृदयात मोठा दोष असला तरी ती उघडी असेपर्यंत बाळ गुलाबी दिसतं, दूध पितं, घरी जातं. खरी गोम इथेच आहे.
हात 98, पाय 99. पुढचं बाळ.

9:10
पाय गार. पडद्यावरची लाट धड उठत नाही, आकडा नाचतो. अशा आकड्यावर सिस्टरांचा विश्वास नाही. त्या खाटेच्या कडेला बसतात आणि तो पाय दोन्ही तळव्यांत धरून ठेवतात. चार मिनिटं, पाच मिनिटं. मध्येच कुणी सलाईन संपल्याचं सांगतं. ‘मावशी, जरा बघा,’ म्हणतात, पाय सोडत नाहीत. मोजायला दोन मिनिटं पुरतात. सकाळ जाते ती पाय ऊबेला आणण्यात आणि रडणं थांबण्याची वाट बघण्यात. पुढचं बाळ रडतंच. ते आईच्या अंगावर पीत असतानाच मोजून होतं.

9:50
एक आजी पिशवी भरून तयार. गावची जीप अकराला.
‘लेकरू गोरंगोमटं हाय. कशाला यंत्र लावता?’
‘आजी, सुई नाही, रक्त काढत नाही. पण आज दुपारी 2:40 ला चोवीस तास भरतात. आधी मोजलं तर चांगल्या बाळाचाही आकडा कमी येऊ शकतो.’
आजी पिशवी खाटेखाली ढकलतात. मनातून नाही.

10:35
सहावं बाळ. हात 93, पाय 92. लाट चांगली, पाय ऊबदार. सिस्टरांचा चेहरा तसाच. दोन्हीकडे 95 तरी हवेत, फरक तीनच्या वर नको. नव्वदच्या खाली आला असता तर थेट डॉक्टर. इथे तासाभरानं पुन्हा. वेळ लिहितात. तेवढ्यात उरलेली तीन उरकतात. तिन्ही ठीक.

11:35
हात 92, पाय 91.
डॉक्टर येतात. छातीला स्टेथोस्कोप, मग जांघेतली नाडी. आवाज काही नाही. स्टेथोस्कोपवर आपला जरा जास्तच भरवसा असतो; जीवघेण्या दोषातही छाती गप्प असू शकते. फुप्फुसाचं दुखणं असेल, जंतुसंसर्गही असेल. हजारात आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो, गंभीर त्यातला साधारण चौथा हिस्सा. उलगडा इकोनं होईल, आणि एवढ्या लहान बाळाचा इको करणारं इथे कुणी नाही. छत्रपती संभाजीनगरला फोन लागतो. नळी उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन आताच सुरू करायचं का, यावर बोलणं चालतं.

12:15
बाळाचा बाप ऊसतोडीला, सांगलीकडे. उचल घेतलेली, मुकादम सोडेल तेव्हा येणार. सोबत फक्त सासू.
‘खर्च किती?’
‘गाडी फुकट. ऑपरेशन लागलंच तर तेही योजनेत बसतं.’ योजना म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेला. ‘तुमचं खाणं-राहणं तेवढं तुमच्याकडे.’
सासू पदराची गाठ सोडते. 640 रुपये. पुन्हा मोजते.

1:05
ॲम्ब्युलन्स निघते. आत ऑक्सिजन, दुसरी एक सिस्टर, कुंचीतलं बाळ, आई, सासू.

1:50
सिस्टर डबा उघडतात. दोन घास झाले की पुढच्या पाळीची येते. रजिस्टर, चावी, यंत्र. स्टोअरच्या मागणीत ‘प्रोबची पट्टी’ परत लिहिलेली.
‘सात नंबरच्या खाटेवरचं 2:40 नंतर मोज. आजी चिडल्यात, त्यांची जीप गेली. आधी पाय ऊबेला आण.’