गोळी योग्य, वेळ चुकीची

पाच महिन्यांची एक गर्भवती तपासणीस आली होती. थायरॉइडची गोळी ती रोज न चुकता घेत होती, तरी रक्तातील टीएसएच चढलेलेच होते. लोहाच्या गोळ्या सुरू असूनही हिमोग्लोबिन वाढत नव्हते. मी थायरॉइडच्या गोळीची मात्रा वाढवण्यासाठी पेन उचलले, तोच आमच्या सिस्टरांनी तिला विचारले, "ताई, गोळ्या कशाबरोबर घेता?" ती म्हणाली, "सगळ्या एकदमच, सकाळच्या चहाबरोबर. म्हणजे विसर पडत नाही."

दोष औषधाचा नव्हता, वेळेचा होता. लोह आणि कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला बांधून ठेवतात, त्यामुळे ते रक्तात पुरेसे उतरत नाही. चहातील टॅनिन लोहाचे शोषण रोखते. गर्भाच्या मेंदूच्या वाढीसाठी आईचे थायरॉइड संप्रेरक आवश्यक असते; म्हणून ही चूक क्षुल्लक नव्हे.

शासनाच्या 'अॅनिमियामुक्त भारत' कार्यक्रमात गर्भवतीस चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, 180 दिवस दिली जाते. तीत 60 मिलिग्रॅम लोह व 500 मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिड असते. कॅल्शियमच्या गोळ्या वेगळ्या. ज्यांना थायरॉइडचीही गोळी आहे, त्यांनी दिवस असा आखावा:

• उठल्याबरोबर थायरॉइडची गोळी, केवळ पाण्यासोबत. चहा-न्याहारी अर्ध्या ते एका तासाने.
• अकराच्या सुमारास लोहाची गोळी, शक्यतो लिंबूपाण्यासोबत. तिच्या आगेमागे तासभर चहा नको. शेतावर जाणारीने गोळी डब्यासोबत न्यावी.
• कॅल्शियम दुपारच्या व रात्रीच्या जेवणानंतर. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचे, तर थायरॉइडची गोळी आणि या दोन्हींत चार तासांचे अंतर हवे.

लोहाने शौचाचा रंग काळा होतो. त्याची भीती बाळगू नये. मळमळ झाल्यास गोळी जेवणानंतर घ्यावी, पण सोडू नये. थायरॉइडची मात्रा स्वतःहून कमी-जास्त करू नये.

आपल्याच जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केले आणि गावातल्या स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून घडवले. त्यांतील कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. पण कोणाच्या घरी चूल केव्हा पेटते, हे त्यांना ठाऊक होते. औषध लिहिणाऱ्याला ते ठाऊक नसते. आज ते आशाताईंना आणि सिस्टरांना ठाऊक असते.

त्या ताईंची मात्रा मी वाढवली नाही; केवळ वेळा बदलल्या. महिन्याभराने टीएसएच उतरू लागले. तेव्हापासून चिठ्ठी लिहिण्यापूर्वी सिस्टरांचा तो प्रश्न मी स्वतः विचारतो. मी विसरलो, तर आपण आठवण करून द्यावी.