ही कंपनी नेमके काय विकते?

वरोरहून येणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याने परवा तासाला विचारले, ‘‘सर, गिरणी कापड विकते, आमचे वडील मासळी विकतात. टीसीएस काय विकते?’’ प्रश्न भाबडा वाटला तरी अर्थशास्त्राच्या मुळाशी जाणारा आहे.

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही टाटा सन्सची शाखा म्हणून १९६८ मध्ये मुंबईत निघाली. आरंभीची कामे अगदी कारकुनी थाटाची होती. टिस्कोची छिद्रित पत्त्यांवरील गणिते करावयाची आणि सेंट्रल बँकेच्या शाखाशाखांमधील हिशेबांचा मेळ घालावयाचा. ज्या बंधूंनी बँकेत खतावण्या लिहिल्या आहेत, त्यांना हा मेळ म्हणजे काय प्रकरण असते हे सांगावयास नको! पेशावरला जन्मलेले विद्युत अभियंते फकीरचंद कोहली १९६९ मध्ये टाटा इलेक्ट्रिकमधून तेथे आले आणि पुढे याच कारकुनीतून त्यांनी निर्यात उभी केली.

ही निर्यात सुचली ती टंचाईतून. देशात परकीय चलनाचा खडखडाट होता. संगणक आयात करावयाचा तर त्याच्या बदल्यात परकीय चलन मिळवून देण्याची हमी द्यावी लागे. अमेरिकेतील बरोज कंपनीच्या एका यंत्रावरील रुग्णालयीन हिशेबाची आज्ञावली तिच्याच दुसऱ्या यंत्रासाठी बदलून देण्याचे काम १९७४ मध्ये मिळाले. ते मुंबईत, तेही आयसीएल १९०३ या ब्रिटिश बनावटीच्या यंत्रावर पार पडले. परदेशी गेले ते यंत्र नव्हे, तर मनुष्याची बुद्धी आणि वेळ.

दुसरी घटना अधिक बोलकी आहे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार विदेशी भागभांडवल घटविण्यास आयबीएमने नकार दिला आणि १९७८ मध्ये ती येथून गेली. तिच्या यंत्रांची देखभाल सरकारी सीएमसीकडे आली. पुढे १९९२ मध्ये आयबीएम परतली ती टाटांचीच भागीदार होऊन. सीएमसीही २००१ मध्ये टाटांकडे गेली व २०१५ मध्ये टीसीएसमध्ये विलीन झाली. सारी निर्बंधांची राजवट वाईटच होती असे मानणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. मात्र निर्बंधांमुळेच सारे घडले असे म्हणणेही तितकेच भाबडे. सरकारी खर्चाने शिकलेले स्वस्त अभियंते नसते तर हमी कोणी पुरी केली असती?

२००४ मध्ये साडेआठशे रुपयांना समभाग बाजारात आला. पुढे नोकरांची संख्या सहा लाखांवर गेली. पण ज्या मजुरीच्या तफावतीवर ही इमारत उभी राहिली, ती तफावत आता यंत्रेच गिळू लागली आहेत. २०२५ मध्ये कंपनीने सुमारे बारा हजार जणांना कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत भरणा मधल्या व वरच्या फळीचा होता.

आमच्या किनाऱ्यावर वाढवण बंदराचा पायाही २०२४ मध्ये घातला गेला. रोजगाराचे आकडे तेव्हाही ऐकविले गेले. मच्छीमारांचा विरोध मात्र आजही आहे. विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले की, ती कंपनी माणसाचा तास विकते. तो क्षणभर थांबून म्हणाला, ‘‘मग सर, त्या तासाचा भाव ठरवितो कोण?’’

पुढचा तास त्यावरच घ्यावयाचा आहे.