घाटी चढताना पोटरी दुखते? पायाबरोबर हृदयाचीही चौकशी करा

मालवणच्या बाजारातून घरी जाताना घाटी चढली की पोटरीत गोळा येतो. दोन-चार मिनिटं थांबलं की जातो, पुन्हा चढलं की परत येतो. "वय झालं" म्हणत आपण तेल चोळतो. पण हे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं. या आजाराला पेरिफेरल आर्टरी डिसीज म्हणतात.

यात हृदयाचा काय संबंध? तर चरबीचा थर फक्त पायातच साचतो असं नाही. तो हृदयाच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही असू शकतो. म्हणून या रुग्णांना हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोका जास्त असतो. विडी-सिगारेट ओढणारे आणि मधुमेह, ब्लड प्रेशर, कोलेस्टेरॉल असलेले यांनी जास्त सावध राहावं.

तपासणी सोपी आहे. नाव एबीआय. सुई टोचत नाहीत. झोपवून दंडाचं आणि घोट्याचं ब्लड प्रेशर मोजतात. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. दंडाचं १४० आणि घोट्याचं ९८ असेल, तर उत्तर ०.७. उत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आलं, तर आजार आहे असं धरतात. मधुमेहात रक्तवाहिन्या कडक होऊन आकडा फसवा येऊ शकतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचं प्रेशर मोजतात.

पायाची जखम भरत नसेल तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. पाय अचानक थंड, पांढरा किंवा बधिर पडला, तर थेट हॉस्पिटल गाठा.