गावचा रेडिओ, गावची मुलाखत

रेडिओ म्हटला की मुंबई-पुण्याचे आकाशवाणी केंद्र आठवते. तिथे मोठी माणसे बोलतात आणि आपण ऐकतो, अशी आपली समजूत. पण आता लहान गावांतूनही रेडिओ बोलू लागला आहे. त्याला सामुदायिक रेडिओ म्हणतात. त्याचा आवाज फार लांब जात नाही. दहा-पंधरा किलोमीटर, इतकेच. पण तेवढ्यात आपली किती गावे येतात, मोजा बरे!

फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात सांगितले की, ज्या लहरींवरून आवाज येतो त्या कुणा एकाच्या मालकीच्या नाहीत. त्या जनतेच्या आहेत. पुढे सरकारने २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ साली सेवाभावी संस्थांना असे केंद्र काढण्याची वाट मोकळी केली. सातारा जिल्ह्यात म्हसवडला २००८ साली माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. त्याच साली, आज तेलंगणात असलेल्या माचनूर गावी संगम रेडिओ निघाला. तो दलित समाजातल्या, शेतात राबणाऱ्या बाया चालवतात. यंत्रही त्याच सांभाळतात, मुलाखतीही त्याच घेतात.

मुलाखत म्हणजे काय? एकाने विचारायचे, दुसऱ्याने सांगायचे. भाषण करणारा आपल्याच वेगाने पुढे जातो. आपल्याला कळले नाही तरी तो थांबत नाही. मुलाखतीत मात्र विचारणारा आपल्या वतीने त्याला अडवतो.

समजा, पाहुणे वकील आहेत. विचारणारी ताई म्हणते, "साहेब, नवऱ्यानं बाईला घराबाहेर काढलं. तिच्याजवळ पैसा नाही. ती कोर्टात जाणार कशी?"

"ताई, १९८७ च्या कायद्याप्रमाणे तिला सरकारतर्फे वकील फुकट मिळतो. बाईच्या बाबतीत उत्पन्न किती, हे बघत नाहीत. अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कैदी, यांनाही हाच हक्क आहे."

"मग अर्ज कुठं द्यायचा?"

"तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं. नाहीतर १५१०० या नंबरावर फोन करायचा."

"आणि लोकअदालत?"

"तिथं दोघांच्या राजीखुशीनं तंटा मिटतो. कोर्टात भरलेली फी परत मिळते. निकाल पक्का, त्यावर अपील नाही."

इथे ताई हुशार असेल तर पुढे जाणार नाही. ती म्हणेल, "अपील नाही, म्हणजे सही करण्याआधी कागद नीट वाचायला हवा ना?" वकील "होय" म्हणतील. मंडळी, या एका प्रश्नाने कुणाची जमीन वाचेल, कुणाची पोटगी वाचेल. अंगठा सोडून सही करायला शिकलो, आता सही कशावर करतो हेही पाहायचे.

आहाराच्या मुलाखतीचे तसेच. डॉक्टर म्हणतात, "आहारात लोह हवे." ऐकणारा मनात म्हणतो, लोह म्हणजे काय खिळे खायचे? विचारणाऱ्याने तेच विचारावे! मग डॉक्टर सांगतात की, सडलेल्या पांढऱ्या तांदळापेक्षा बाजरीत लोह जास्त असते. ते रक्ताला लागते. भाकरी-भाजीबरोबर लिंबू पिळून घ्यावे, म्हणजे लोह अंगी लागते. जेवताना चहा मात्र नको, तो लोह अंगी लागू देत नाही. मीठही बेताने खावे. मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमच्याएवढेसुद्धा नको. लोणचे-पापडातले मीठही त्यातच मोजायचे. आपली बाजरी बाजूला सारून पाहुण्यांना मैद्याची बिस्किटे देण्यात कसला आला मोठेपणा?

सिनेमाच्या मुलाखती लोक फार आवडीने ऐकतात. पण नटाला कोणता रंग आवडतो, हे ऐकून काय मिळणार? त्यापेक्षा सिनेमा कसा बनतो, ते विचारावे. प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' १९३६ साली निघाला. पुढच्या वर्षी इटलीत व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. देहूच्या वाण्याची गोष्ट परक्या मुलखातल्या माणसांना का भावली? असा प्रश्न निघाला तर मुलाखत रंगते.

एक ध्यानात ठेवा. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच लावाव्या लागतात. मुलाखतीत कुणी सांगितले ते त्या माणसाचे मत असते. औषधाची गोष्ट असेल तर दवाखान्यात विचारूनच पुढे जावे.

ऐकायचे कसे, याचा एक जुना दाखला आपल्याच मुलखातला आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत ऐकणाऱ्यांची मंडळे काढली. वीस कार्यक्रम झाले. लोक एकत्र बसून ऐकत, मग आपसात बोलत, आणि अडलेले प्रश्न केंद्राला लिहून पाठवत. त्यांची उत्तरे पुढे रेडिओवरून येत.

आजही तसे करता येते. चार घरची माणसे एका ओट्यावर बसा. केंद्राचा फोन नंबर किंवा पत्ता कार्यक्रमात सांगतात, तो लिहून घ्यायला पेन्सिल जवळ असू द्या. प्रश्न लहान लिहा, एका वेळी एकच लिहा, आणि खाली गावाचे नाव घाला.