तांदळाच्या डब्यातला करंडक

आमच्या घरी तांदूळ मोजायला जे भांडं आहे, ते खरं तर करंडक आहे. त्याचा मुलामा केव्हाच उडाला, एक कान तुटला, खालचा लाकडी ठोकळा कुठे गेला देव जाणे. पण काठाशी कोरलेली 'बेस्ट ऑफ ब्रीड' ही अक्षरं अजून वाचता येतात. कामाला नवीन बाई आली की हमखास विचारते, "ताई, हे कोनं जितलं होतं?" मी म्हणते, "बंड्यानं." बंड्या म्हणजे माझा मुलगा असं तिला वाटतं. मीही दुरुस्ती करत नाही.

बंड्या आमचा लॅब्रॅडॉर कुत्रा. कागदावर त्याचं नाव चांगलं चार शब्दांचं, इंग्रजी होतं. नावाआधी 'चॅम्पियन' लागल्यावर ते पाच शब्दांचं झालं. सासूबाईंनी ते नाव कधी उच्चारलं नाही. घरात आला त्याच दिवशी त्यानं त्यांच्या पूजेतली नैवेद्याची गुळाची वाटी चाटूनपुसून साफ केली आणि त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अव बाप्पा, हे तं मोठं बंड दिसते!" झालं, बारसं आटोपलं.

ही २००४ च्या एप्रिलची गोष्ट. यांच्या एका मित्राची बदली झाली आणि दोन महिन्यांचं ते फिक्कट पिवळं पिल्लू, सोबत केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदणीचे कागद, असं दोन्ही आमच्याकडे आलं. कुत्र्याला कागद कशाला, असं म्हणत मी ते रेशनकार्डाच्या पिशवीत टाकून दिले.

एप्रिल म्हणजे नागपुरात काय, ते सांगायला नको. लॅब्रॅडॉरचं मूळ न्यूफाउंडलंडच्या थंडगार समुद्रकिनाऱ्यावरचं. कोळ्यांच्या जाळ्यातून निसटलेले मासे पाण्यात उडी मारून आणून देणारी कुत्री ही त्यांची पूर्वज. आणि हा बिचारा आमच्या प्रतापनगरात, पंचेचाळीस डिग्रीत! कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडाफार येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना. बाकी सगळी भिस्त जीभ बाहेर काढून धापण्यावर. त्यामुळे उन्हाळ्यात त्याचं फिरणं पहाटे पाचला. डांबरी रस्त्यावर आपला तळहात टेकवून पाहायचा, आपल्याला चटका बसला तर त्यालाही बसतो, हे मला तेव्हा कळलं. दुपारभर कूलरसमोरची जागा त्याची. सासूबाई तिथं आडव्या व्हायला गेल्या की तो उठायचा नाही, फक्त थोडा सरकायचा.

आणि खाणं! पोळ्यांचा डबा, संत्र्याची सालं, एकदा तर कणकेचा अख्खा गोळा. आम्हाला वाटायचं, वळणच नाही. पुढे २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी शोधून काढलं, की जवळपास पाव हिस्सा लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गायब असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट जातच नाही! मी हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मंग त्याले उगाच शिव्या देल्या आपन."

शोचं खूळ डोक्यात घातलं ते सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या दवाखान्यात. लस द्यायला नेलं होतं. डॉक्टरांनी त्याला टेबलावर उभं केलं, खांद्यावरून, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "याचे कागद आहेत का? मग शोमध्ये न्या की." रेशनकार्डाच्या पिशवीतून कागद बाहेर निघाले.

पहिला शो २००५ च्या डिसेंबरात. धावणार होते हे. आदल्या रात्री यांनी कंबर धरली. मग पंजाबी ड्रेस, पायात मुलाचे कॅनव्हासचे बूट आणि दंडाला नंबराचं कार्ड बांधून मी, वय वर्षं छत्तीस, दोरीनं आखलेल्या त्या चौकोनात उतरले. आजूबाजूला बहुतेक पुरुष. परीक्षक आधी कुत्र्याचे दात बघतात, हाडांच्या सांध्यांवर हात फिरवतात, मग धावायला लावतात. कुत्र्यानं दुडक्या चालीत धावायचं, उधळायचं नाही. आमचा बंड्या निम्म्यातच वळला आणि दोरीबाहेर बसलेल्या एका गृहस्थांच्या हातातला समोसा घेऊन आला. सगळं मैदान हसलं. मी रडकुंडीला आले होते, पण खरं सांगू? घरी येताना रिक्षात मला फार मजा वाटत होती. शाळा सुटल्यानंतर मी कधी धावलेच नव्हते!

मग दोन वर्षं आमचा सराव. पहाटे मैदानावर मी आणि तो. फिरायला येणाऱ्या बायका थांबून बघायच्या. एकदा सासूबाईही आल्या आणि म्हणाल्या, "तू कुत्र्याले पळवून राहिली, का कुत्रं तुले?" रिंगणात त्याचं लक्ष आपल्याकडे राहावं म्हणून खिशात उकडलेल्या कलेजीचे तुकडे ठेवतात. सासूबाई माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही. महिनाभर अबोला झाला. शेवटी गच्चीवर, वेगळी शेगडी, वेगळं पातेलं आणि माझी आंघोळ झाल्याशिवाय स्वयंपाकघरात पाय नाही, असा तह झाला.

हिवाळा आला की भाड्याची सुमो काढून रायपूर, भोपाळ, हैदराबाद. माहेर आणि लग्नकार्यं सोडून मी बाहेरगावी मुक्काम केला तो बंड्यामुळे. वेगवेगळ्या परीक्षकांच्या हातून ठरावीक चॅलेंज सर्टिफिकेटं मिळाली की कुत्रा चॅम्पियन होतो. बंड्या २००८ च्या जानेवारीत झाला. पेढे वाटले. सासूबाईंनी पेढा हातात घेऊन विचारलं, "पयला आला म्हन्ते, पन कशात? पयाले? का वझं उचलाले?"

मी म्हटलं, "उभं राहण्यात."

त्या हसल्या, पण मला तो प्रश्न लागला. लॅब्रॅडॉर म्हटलं की आपल्याकडे आठवतो तो मुंबई पोलिसांचा झंजीर. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्यानं ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब हुडकून दिले. २००० च्या नोव्हेंबरात हाडांच्या कॅन्सरनं तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला इतमामानं निरोप दिला. त्यानं माणसं वाचवली. आमच्या बंड्यानं काय केलं? त्याचे खांदे बरोबर उतरते होते, शेपूट मुळाशी जाड होती, डोळे शांत होते. त्या जातीचा कुत्रा कसा असावा, याचं एक वर्णन लिहिलेलं असतं, त्याला तो इतरांपेक्षा जवळ जात होता. एवढंच. शो मुळात असतातच त्यासाठी, पुढची वीण कुणापासून घ्यावी हे ठरवायला. हे सगळं मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं.

पेढे संपायच्या आत फोन सुरू झाले. आमची मादी माजावर आली आहे, आणू का? फीचे पाच हजार, किंवा फीऐवजी एक पिल्लू, असा रिवाज. ते पैसे मी पोस्टात ठेवले, माझ्या एकटीच्या नावावर. मैत्रिणींनो, लपवत नाही. ज्या पैशांचा हिशेब कुणी विचारत नाही, असे पैसे मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होते. दोन वर्षांत अकरा माद्या आल्या. आल्या, दोन दिवस राहिल्या, गेल्या. पुढं त्यांचं काय होतं, ते मी विचारलं नाही.

२०१० च्या जुलैत नागपूरपासून दीड तासावरच्या एका गावी फीऐवजी पिल्लू निवडायला गेलो. पुढं छान बंगला, कुंड्या, पाटी. मालकांनी चहा दिला, बिस्किटं दिली, टोपलीतून गुबगुबीत पिल्लं आणून मांडीवर ठेवली. माझा हात चिकट झाला म्हणून मी मागच्या नळावर गेले. मागं पत्र्याची शेड होती. सात खोपटी, सातांत सात माद्या. पाऊस पत्र्यावर एवढा वाजत होता की त्यांच्या भुंकण्याचा पुढं आवाज येत नव्हता. शेवटच्या खोपटीतली भुंकलीच नाही. उजव्या कानाची कड फाटलेली होती, त्यावरून मी तिला ओळखलं. आदल्या वर्षीच्या जानेवारीत ती आमच्याकडे आली होती, तेव्हा बंड्याशी अंगणात पळापळी खेळली होती. यंदा मार्चमध्ये परत आली होती, तेव्हा मी घाईत होते, नीट पाहिलंही नव्हतं. आता बरगड्या मोजून घ्याव्यात अशी झालेली, आणि स्तन जमिनीला लोंबत होते. मधलं एक वेत दुसऱ्या कुत्र्याचं, असं मालकांनीच सांगितलं. म्हणजे दीड वर्षात तिसरं.

"मॅडम, चॅम्पियनची पिल्लं म्हटल्यावर थांबायचं कशाला?" ते अगदी गोड आवाजात म्हणाले. "लोक आधीच बुकिंग करून ठेवतात."

सगळेच असे नसतात हं. आपल्या मादीला मुलीसारखं जपणारे, दोन वेतांत चांगलं अंतर ठेवणारे लोकही मला शोमध्ये भेटले आहेत. पण त्या टोपलीतली पिल्लं ज्याच्या नावावर विकली जात होती, तो माझा बंड्या होता. आणि त्याला चॅम्पियन करायला पहाटे पाचला उठून धावले होते मी!

मी म्हटलं, पिल्लू नको, ही मादी द्या. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "न्या. हिची पिल्लं आता कमीच होऊन राहिली." इतकं सोपं होतं ते. गाडीत ती दीड तास माझ्या पायाशी पडून होती, एकदाही मान वर केली नाही.

दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अव, हे तं बाळंतीण हाय. पिल्लं कुठी हायेत हिची?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांनीच तिचं नाव सगुणा ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून फोन आला की मी नाही म्हणायला लागले. काही जण रागावले, एवढी चांगली लाइन बंद पाडताय म्हणाले. सगुणेची नसबंदी दोन महिन्यांत करून घेतली. बंड्याची मात्र नाही केली. नसबंदी केलेला नर रिंगणात चालत नाही, आणि मला वाटत होतं, अजून एखादा शो, अजून एखादा करंडक. पिल्लं नको, पण टाळ्या हव्या होत्या. २०१३ मध्ये, नऊ वर्षांचा असताना, त्याच्या लघवीत रक्त दिसलं. प्रोस्टेट सुजली होती. वय झालेल्या, नसबंदी न केलेल्या नरांमध्ये हे नेहमीचं दुखणं आहे, आणि त्यावरचा उपाय नसबंदीच. ऑपरेशन झालं, तो बरा झाला. डॉक्टर एवढंच म्हणाले, "आधी केलं असतं तर एवढा त्रास झाला नसता."

त्यानंतरची तीन वर्षं छान गेली. तो निवृत्त झाला, जाडही झाला. सगुणा त्याच्या पुढ्यातलं खायची आणि तो, ज्यानं कणकेचा गोळा सोडला नव्हता, तिला खाऊ द्यायचा.

बंड्या २०१६ च्या नोव्हेंबरात गेला. नोटाबंदीचे दिवस. हे बँकेच्या रांगेत होते, माझ्याकडे जुन्या पाचशेच्या नोटा. डॉक्टरांनी पैशांचं नंतर बघू म्हणून घरी येऊन सुई दिली. दुपारी कूलरच्या जागेवर, कूलर बंद असतानाही, तो तिथंच जाऊन पडला आणि तिथंच गेला. अंगणातल्या सीताफळाखाली त्याला ठेवलं. सगुणा पुढं २०१९ पर्यंत होती.

तो गेल्याच्या पुढल्या वर्षी, २०१७ मध्ये, केंद्र सरकारनं कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम काढले. दीड वर्षाच्या आत मादीची वीण घ्यायची नाही, वर्षातून एकच वेत, आयुष्यात पाचांहून जास्त नाहीत, आठ वर्षांनंतर अजिबात नाही, आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. मी ते वाचलं तेव्हा बोटांवर सगुणेचा हिशेब करून पाहिला.

अजूनही वर्षातून एखादा फोन येतो, चॅम्पियनच्या वंशातलं पिल्लू कुठं मिळेल म्हणून. मी सांगते, कुणाकडूनही घ्या, पण पिल्लू मांडीवर घेण्याआधी आई दाखवा म्हणा. आई कुठं राहते ते बघायचं, तिचं हे कितवं वेत ते विचारायचं. आई गावाला पाठवली आहे, असं कुणी सांगितलं तर चहासुद्धा न पिता उठायचं.

करंडक तांदळाच्या डब्यात कसा गेला, ते सांगायचं राहिलंच. सगुणा आली त्याच संध्याकाळी मी शोकेसमधले सगळे करंडक काढून जमिनीवर ठेवले होते. माळ्यावर टाकणार होते. सासूबाई आल्या, त्यातला एक उचलला, आतून पदरानं पुसला, फिरवून पाहिला.

"पावशेर तांदूळ बसते याच्यात," त्या म्हणाल्या आणि सगुणेसाठी भात टाकायला तो घेऊन आत गेल्या.